हिरव्या दोऱ्याची कलमं

गप्प राहिली असती तर सरूवयनीला चार दिवसांनी येणाऱ्या दसऱ्याला शेडची किल्ली मिळणार होती, एकोणीस वर्षं ज्या पाटावर उकिडवं बसून तिने कलमं बांधली त्या पाटापासून सुटका मिळणार होती, आणि सगळ्यात मोठं म्हणजे वर्षाकाठी चाळीस हजार लेबलांवर स्वतःची सही छापून मिळणार होती. बोलली तर पदरात पडणार होता फक्त तात्यांचा आवाज. इतका सोपा हिशेब माझ्या उभ्या नोकरीत दुसरा आला नाही. तो मी तिच्यासमोर उभ्याउभ्याच करून टाकला, ती आंब्याचं एक पान चुरगळून नाकाशी धरून उभी होती तेवढ्या वेळात.

"शेवडेभाऊ, ह्याचा वास घ्या बगू."

"मला सर्दी झालीय."

"सकाळी माझ्या डब्यात बांगडा हाये ता तुमाला फाटकापासून कळलं."

"त्यानेच झाली."

ती हसली नाही. एरवी एवढ्यावर तिचं हसणं अर्ध्या दुपारपर्यंत चाललं असतं. तिने शेजारच्या पिशवीतल्या कलमाचं पान खुडलं, बोटांत चोळलं, हुंगलं आणि टाकलं. त्याच्या पुढचं खुडलं. तेही हुंगलं आणि तसंच हातात धरून राहिली.

"ही पायरी हाये."

"वयनी, रांग हापूसची आहे. पाटी बघा."

"पाटी मी वाचली. आता पान पन वाचलं."

हे ब्याण्णव साली, दापोली-हर्णै रस्त्यावरच्या खांबेटे तात्यांच्या रोपवाटिकेत घडलं. मी तिथे कारकून होतो. हजेरी, आवक-जावक, मोजदाद, पत्रव्यवहार, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. आमचा माल म्हणजे आंब्याची कलमं. कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, तिथे जातिवंत झाडाची काडी बसवायची आणि वरून पट्टी गुंडाळायची. पट्टीखाली बांधणाऱ्याच्या रंगाचा दोरा. सरूवयनीचा हिरवा, दत्ताराम गोरिवलेचा लाल, बाकीच्यांचे बाकीचे. कलम जगलं की मेलं हे महिन्याभरात कळतं. काडी हापूसची होती की पायरीची, हे मात्र गिऱ्हाइकाला कळतं पाच वर्षांनी, झाडाला पहिला आंबा लागला की. तोवर त्याने खड्डे खणलेले असतात, कुंपण घातलेलं असतं, आणि मुलीला सांगून ठेवलेलं असतं की तुझ्या लग्नाला आपल्या बागेतली पेटी येईल.

आमच्याकडे मात्र एक नाक असं होतं की ते पाच वर्षं थांबत नसे. पावसाळ्यानंतरची पानं जून झाली की सरूवयनी ती चुरगळून आंब्याची जात सांगायची. तात्या तिला पाहुण्यांसमोर बोलावून डोळे झाकून पानं ओळखायला लावायचे. ते नाक त्या गुरुवारी नको तिथे चाललं होतं.

"किती असतील?" मी विचारलं.

"हिरव्या दोऱ्याची ह्या रांगेत सहाशेचाळीस. त्यात मधीमधी. सगळी हुंगल्याबगर नाय कळायचं."

"म्हणजे तुमचीच."

"माजीच," ती म्हणाली आणि हातातलं पान पदराच्या टोकात बांधून कामाला लागली.

गोविंद मुकादम त्या वर्षी लेकीकडे विरारला निघून गेला होता. त्याच्या जागी कोण, हे तात्या दसऱ्याला जाहीर करणार होते, आणि ते कोण असणार हे लहान पोरालाही माहीत होतं. रोपवाटिकेत बाई मुकादम आजवर झाली नव्हती. लेबलावर मुकादमाच्या सहीचा ठसा छापायची आमची पद्धत होती, म्हणून गेले तीन आठवडे सरूवयनी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन जुन्या चलनांच्या पाठीमागे सही गिरवत होती. सरस्वती रा. पाष्टे. सरस्वती सरळ यायची. पाष्टे मात्र दर वेळी ओळ सोडून खाली घसरायचं.

शुक्रवारी ते पहिल्यांदा ओळीवर बसलं.

"जमलं की हो!" मी म्हणालो. "आता तुमची सही बघून लोक कलम विकत घेतील."

तिने कागद हातभर लांब धरून पाहिला. मग उलटा घालून ठेवला.

"भाऊ, उद्या शनवार."

"मग?"

"उद्या बैठक."

आता ह्या बैठकीविषयी सांगायला हवं. तात्या जूनमध्ये पुण्याला कुठल्याशा शिबिराला जाऊन आले होते आणि येताना एक वाक्य घेऊन आले होते. अडचण लवकर कळली तर अडचण, उशिरा कळली तर नुकसान. ते त्यांनी पडवीतल्या फळ्यावर माझ्याकडून लिहून घेतलं आणि फर्मान काढलं की दर शनिवारी चार वाजता सगळ्यांनी पडवीत बसायचं, कांदाभजी खायची आणि आठवड्यात काय बिघडलं ते मोकळेपणाने सांगायचं. कुणी कुणाला रागावणार नाही.

पहिल्या शनिवारी दत्ताराम फसला. भोळेपणाने म्हणाला, पंपाचा व्हॉल्व्ह पंधरा दिवस गळतोय.

"पंधरा दिवस?" तात्यांचा आवाज पार रस्त्यावर गेला. "आणि पंधरा दिवस काय पंपाला ओवाळत बसला होतास, शिंच्या?"

दुसऱ्या शनिवारी पाऊण तास कुणी तोंड उघडलं नाही. शेवटी कुणीतरी म्हणालं, भज्यांना मीठ कमी आहे. मी टिपणवहीत लिहिलं, अडचण क्रमांक दोन, भजी अळणी. त्यानंतर दर शनिवारी कधी भजी तिखट असत, कधी चहा गार. आमच्या आस्थापनेत त्या पावसाळ्यात स्वयंपाकाखेरीज काहीही बिघडलं नाही, असा त्या वहीचा पुरावा आहे.

त्याच्याही आधीपासूनचं एक होतं. खंडेनवमीला कलमं बांधायच्या सुऱ्या पाटावर मांडून पूजा व्हायची आणि प्रत्येकाच्या सुरीपुढे त्याची त्या वर्षीची मेलेली कलमं ठेवायची, अशी तात्यांच्या वडिलांपासूनची चाल. ज्याच्या सुरीपुढे कमी, त्याच्या हातून आरती. आरतीसाठी माणूस काय करील सांगता येत नाही. मेलेली कलमं श्रावणापासूनच एकेक करून मागच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, जायची. पिशव्या मोजायचं काम माझं. त्या कमी भरायच्या, आणि मी कारण लिहायचो, गुरांनी खाल्ली. गावात गुरं होती सत्तर-ऐंशी. माझ्या वहीप्रमाणे त्यांनी अकरा वर्षांत जेवढी कलमं खाल्ली तेवढ्यांत त्यांची पुढची पिढीसुद्धा पोसली असती.

तर, सरूवयनी म्हणाली, उद्या बैठक.

"वयनी," मी खुर्ची जवळ ओढली, "तुम्ही शहाण्या आहात म्हणून बोलतो. सोमवारी तात्या तुमचं नाव घेणार. मंगळवारी सांगा की. मुकादमाने सांगितलेली चूक ती देखरेख होते. दोरेवालीने सांगितलेली चूक ती चूक राहते."

"तवा आनि आता, कलमं तीच की."

"कलमं तीच, पण तुम्ही किल्लीवाल्या."

"आनि किल्ली हातात आल्यावर माजी जीभ सुटंल म्हंता? आता काय बी नाय हाताशी, तर अशी जड झालीय." तिने बोटाने शेडकडे दाखवलं. "दिवाळीनंतर पिशव्या उघड्यावर न्यायच्या. सगळ्या रांगा मोडतात. मग चाळीस हजारांत कोन हुंगत बसंल?"

"मग आहे की आपली सोय. तेवढी कलमं मी वहीतून काढतो."

"कशी?"

"गुरांनी खाल्ली."

आता मात्र ती हसली. तोंडावर पदर धरून हसली. "सहाशेचाळीस? एका रांगेची, हिरवा दोरा बगून? ती गुरं हायेत का सर्कशीतली जनावरं?"

मीही हसलो. हसता हसता तिने उलटा घातलेला कागद सुलटा केला आणि सहीवरून बोट फिरवलं.

"माज्या घोवाने मुंबैत पंचवीस वर्षं काडली. त्याचं नाव एका पाटीवर नाय. माजं नाव रेशनकार्डावर हाये, ता पन खाडाखोड करून. पयल्यांदा कुटंतरी नीट छापून येनार, म्हनून रोज गिरवत बसले. आनि पाच वर्षांनी कुनी आंबा कापील नि बायकोला म्हनंल, बग गो, ही कोन सरस्वती? हिने फशिवलं आपल्याला. माज्या तोंडावर नाय म्हननार. मी तितं नसनारच. झाडाखाली उभा राहून म्हनंल."

मी म्हणालो, "तरी विचार करा."

"रात्री केला. ह्ये तुमच्याशी बोलून बगत व्हते."

शनिवारी चार वाजता पडवीत सगळे जमले. तात्या आरामखुर्चीत, आम्ही सतरंजीवर, मध्ये भज्यांचं ताट. तात्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "बोला. काय अडचण?"

दत्ताराम म्हणाला, "तात्यानु, आज भजी चांगली झालीत."

"ही अडचण आहे?"

"नाय, सांगून ठेवलं."

हशा झाला. तो सरेपर्यंत सरूवयनी थांबली. मग पदराची गाठ सोडून तिने सुकलेलं पान काढलं, उठली आणि तात्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवलं.

"शेड दोन, हापूसच्या रांगंत पायरी मिसळलीय. हिरवा दोरा हाये. माजा."

ताटाकडे गेलेले हात जिथल्या तिथे राहिले. तात्यांनी पान उचललं, चुरगळलं, हुंगलं. त्यांच्या मानेवरची शीर वर आली. ती वर आली की पुढे काय येतं हे आम्हां सगळ्यांना पाठ होतं. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग ताटातलं भजं उचलून अख्खं तोंडात घातलं. मला आजही वाटतं, त्या भज्याने मोठं काम केलं. ते गिळून होईपर्यंत शीर निम्मी खाली बसली होती.

"किती?"

"संशय सहाशेचाळिसांवर. खरी किती ता हुंगल्यावर कळंल."

"कशी झाली?"

तिने पडवीभर नजर फिरवली, पण ती कुणावर थांबली नाही.

"हापूसच्या काड्यांची जुडी सुंभाने बांधून येते, पायरीची केळीच्या सोपटाने. मी सुंभ बगितला नि बांदत गेले. काडी बगितली नाय. ह्यात माजं चुकलं."

"एकोणीस वर्षं बांधत्येस आणि काडी बघितली नाहीस?" आवाज चढला, पण अर्ध्यावर अडकला. तात्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले. "बरं. निवडून काढता येतील?"

"चार दिस द्या. एक-एक हुंगते."

"वयनी, मंग आरती ह्या साली कुनाची?" दत्तारामने हळूच विचारलं. त्याला टोमणा मारायचा होता, पण तो अर्ध्यातच भ्याला असावा, कारण लगेच खाली बघून ताटातलं मिरचीचं देठ निवडत बसला.

"तुजी," ती म्हणाली. "तुजा लाल दोरा सगळा जित्ता हाये. पऱ्याला माहीत."

मी लिहीत होतो. अडचण क्रमांक पंधरा. शेड दोन, हापूस रांगेत पायरी. सांगणार, स. रा. पाष्टे. कारण, असं लिहिलं आणि पुढे काही लिहिलं नाही. जागा सोडली.

रविवारी सुऱ्यांची पूजा झाली. सोमवारी दसऱ्याला आपट्याची पानं वाटून झाल्यावर तात्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि कुणाकडेही न पाहता म्हणाले, "मुकादमकी दत्तारामकडे. ज्याच्या दोऱ्यात सहाशे चाळीस संशयाची निघाली, त्याच्या सहीचं लेबल मी गिऱ्हाइकाला कसं देऊ? मला कुणी सांगावं." कुणी सांगितलं नाही. सरूवयनी दत्तारामच्या हातावर सोनं ठेवून म्हणाली, "शेडचं कुलूप गंजलंय, खोबरेल घाल." दत्तारामच्या हातात किल्ली आली तेव्हा तो इतका कावराबावरा झाला की ती त्याने एकदा चुकून तात्यांनाच परत दिली.

मंगळवारी ती पाट घेऊन रांगेच्या टोकाला बसली. निवडलेली कलमं उचलून वेगळी ठेवायला कुणीतरी हवं होतं. तात्या स्वतः आले. गुडघ्याचं दुखणं घेऊन तो माणूस दुसऱ्या पाटावर बसला, आणि ती म्हणेल तसं पिशव्या डावीकडे-उजवीकडे सरकवू लागला. "हापूस." डावीकडे. "हापूस." डावीकडे. "पायरी." उजवीकडे. तास-दीड तासाने नाक बसायचं. मग ती ओंजळीत माती घेऊन हुंगायची आणि पुन्हा पानांकडे वळायची. तात्या एकदा म्हणाले, "सरू, मी शनिवारी ओरडलो का गं?" ती म्हणाली, "अर्दंच." तात्या म्हणाले, "पुढच्या वेळी पाव ओरडेन."

दुपारी ते वामकुक्षीला गेले की त्यांच्या पाटावर मी बसायचो. बुधवारी दुपारी ती पानावरून नजर न काढता म्हणाली,

"दोन जुड्यांची गाठ तुमची व्हती, शेवडेभाऊ."

माझ्या हातातली पिशवी हातातच राहिली.

"कशावरून?"

"तुमी डावरे. तुमची गाठ सोडताना अंगठा उलटा फिरवाया लागतो. जुलैत त्या दिशी सोडताना हसले पन व्हते, आज भाऊंनी जुडी बांदली म्हनून. पायरी. ही तिकडं ठेवा."

मी ठेवली. दुसरं काय करणार?

खरं होतं ते. जुलैच्या तीन तारखेला काड्यांच्या जुड्या आल्या तेव्हा फाटकात मी होतो. पायरीच्या दोन जुड्यांचं सोपट कुजून सुटत होतं. हाताशी सुंभ होता, तो बांधला आणि म्हटलं, चिठ्ठी खोचू. तेवढ्यात फोन वाजला. संध्याकाळी आठवण झाली तेव्हा जुड्या सरूवयनीच्या पाटाशी सुटून बांधूनही झाल्या होत्या. त्याच संध्याकाळी सांगितलं असतं तर एका दिवसाचं काम टाकावं लागलं असतं, इतकंच. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी तात्या कुणा पाहुण्याला सांगत होते की आमचे शेवडे कधी चुकत नाहीत. ते ऐकून मी जागेवर जाऊन बसलो. आठवड्याने सांगणं आठवड्याइतकं जड झालं होतं, महिन्याने महिन्याइतकं. गुरुवारी शेडमध्ये मला सर्दी झाली ती ही. आणि शुक्रवारी खुर्ची जवळ ओढून मी तिला जो शहाणपणाचा सल्ला दिला, त्यात तिच्या फायद्याचा हिशेब मी मोठ्याने केला होता आणि माझ्या फायद्याचा मनात.

"शनिवारी का नाही बोललात?" मी विचारलं.

"बोलले की."

"माझं नाव का नाही घेतलं? किल्ली राहिली असती तुमच्याकडे."

तिने पान खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर सोपं गेलं असतं.

"काडी बगायची ती मी नाय बगितली. ता माजं व्हतं, ता मी सांगितलं. तुमचं मी सांगून काय उपेग? तुमाला सई शिकवनाऱ्या मानसाला मी पडवीत उभा करू?" शब्दांची जरा गल्लत झाली तिची, मग स्वतःच हसली. "मला शिकवनाऱ्या. घ्या, हापूस."

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत निवड संपली. सहाशे चाळिसांत दोनशे चौदा पायरी निघाली. दोन जुड्यांच्या काड्या वजा वाळलेल्या, बरोबर तेवढ्याच.

शनिवारी चार वाजता तात्यांनी विचारलं, "बोला."

मी टिपणवही मिटली. बैठकीत पहिल्यांदाच ती मिटलेली पाहून सगळेच माझ्याकडे बघू लागले.

"गेल्या शनिवारच्या अडचणीत कारणाची जागा मी कोरी सोडलीय," मी म्हणालो. "सोपट कुजलं होतं म्हणून दोन पायरीच्या जुड्यांना सुंभ मी बांधला. चिठ्ठी खोचायची विसरलो. त्याच संध्याकाळी लक्षात आलं होतं. सव्वातीन महिने गप्प बसलो."

तात्यांची शीर वर आली. ह्या वेळी भजं घ्यायलाही त्यांना सुचलं नाही. त्यांनी तोंड उघडलं, सरूवयनीकडे पाहिलं आणि मिटलं. असं दोनदा झालं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "शेवडे, तुम्ही?"

"मी."

"हे पाव झालं का गं?" त्यांनी सरूवयनीला विचारलं.

"पावाच्या पन कमी," ती म्हणाली.

तेवढ्यात दत्ताराम उभा राहिला. कमरेची किल्ली त्याने मुठीत धरली होती. "तात्यानु, निगतंच हाय तर माजं पन घ्या. लाल दोऱ्याची ह्या साली दीडशेवर मेली. पऱ्यात टाकली. भाऊंनी लिवलं गुरांनी खाल्ली. आरती माजी नव्हती. ही किल्ली पन..." त्याने ती भज्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, निळ्या दोऱ्याची सत्तर. पिवळ्याची शंभर. दर आकड्यामागे हशा वाढत गेला, आणि अखेर तात्यांनी मला विचारलं, "शेवडे, मग त्या गुरांनी आजवर खाल्लं तरी काय?" तेव्हा पडवी अशी हसली की चुलीपाशी भजी तळणारी बाई झारा घेऊन बाहेर आली.

हसणं निवलं. तात्यांनी किल्ली उचलली आणि सरूवयनीपुढे धरली.

"घे. चूक तुझी नव्हती तेवढी. माझा शब्द मी फिरवतो."

मी तिच्याकडेच बघत होतो. तिचा हात खरोखर उठला. बोटं किल्लीपासून चार अंगुळांवर आली, हिरव्या चिकाने काळपट झालेली, चार दिवस पानं चुरगळून चिरलेली. तिथे ती थांबली. तिने दत्तारामकडे पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता.

"आज नको तात्या," ती म्हणाली.

"का गं? राग?"

"राग नाय. ह्यो आत्ता सोताहून बोलला. आत्ताच्या आत्ता ह्याच्या कमरेची किल्ली गेली, तर फुडच्या शनवारी कोन बोलंल? परत भजीच अळनी." तिने हात मागे घेऊन पदरात गुंडाळला. "ऱ्हाऊ दे त्याच्याकडं. चांगला हाये तो. फक्त पऱ्यात टाकू नको रं बाबा, भरून आलाय."

दत्तारामने किल्ली घेतली तेव्हा तो रडत होता. मिरची लागली म्हणाला.

लेबलं दत्तारामच्या सहीची छापून आली आणि पुढची बारा वर्षं तशीच येत राहिली. मुकादम तो खरंच चांगला निघाला. खंडेनवमीला मेलेली कलमं मांडायची चाल तात्यांनी मोडली. माझ्या वहीतलं गुरांचं चरणं बंद झालं. त्या पायरीच्या दोनशे चौदा कलमांना पायरीचीच लेबलं लागली आणि ती पायरी म्हणूनच गेली. हापूस मागितलेल्या कुणाच्या बागेत पाच वर्षांनी भलता आंबा पिकला नाही, आणि झाडाखाली उभं राहून कुणी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. शनिवारी लोक बोलू लागले. भीतभीत, मग भांडत, मग सवयीने. सरूवयनी पुढे नऊ वर्षं पाटावर बसली आणि कमरेने साथ सोडल्यावर घरी गेली. निरोपाच्या दिवशी तिने पगाराच्या वहीत अंगठा न देता सही केली. पाष्टे ओळीवर होतं.

आता मी निवृत्त आहे, वेळ आहे, आणि जमाखर्च मांडायची खोड जात नाही. चूक केली मी, मला तात्यांनी त्यानंतरही चुकलात म्हणून कधी हिणवलं नाही. पऱ्यात दीडशे कलमं टाकली दत्तारामने, त्याची किल्ली राहिली. निळ्या-पिवळ्या दोऱ्यांनी कबुली दिली आणि वर भजी खाल्ली. त्या पडवीत बोलण्यासाठी पुढे कुणालाच काही मोजावं लागलं नाही. आम्हां सगळ्यांच्या वाट्याचं सरूवयनीने भरलं होतं. एकदा शनिवारी बोलून, आणि पुढच्या शनिवारी हात मागे घेऊन.